फक्त काज-बटण राहिलंय

मास्तरांनी साइडकारचा दरवाजा काढला तो फक्त कडी बसवायला. एक कडी, दोन स्क्रू, अर्ध्या तासाचं काम. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, मशीनला तेल घालून झालं होतं आणि समोरच्या मोकळ्या जागेत स्कूटर उभी होती. चालू स्कूटर. हे महत्त्वाचं आहे, म्हणून आधीच सांगून ठेवलं पाहिजे. त्या दिवशी सकाळी ती स्कूटर चालत होती.

मास्तर म्हणजे टेलर मास्तर. शाळेचं तोंड त्यांनी सातवीनंतर पाहिलं नव्हतं, पण गळ्यात टेप आणि कानावर पेन्सिल असली की लोक माणसाला मास्तर म्हणतात. मग ओघानंच त्यांच्या बायकोच्या मास्तरीणबाई झाल्या. खाली दुकान, वर दोन खोल्या. मास्तर कापायचे आणि शिवायचे. मास्तरीणबाई काउंटरवर बसून कपडे न्यायला आलेल्या गिऱ्हाइकांना हात हलवत परत पाठवायच्या. यातलं दुसरं काम जास्त अवघड होतं.

त्यासाठी मास्तरीणबाईंकडे दोन वाक्यं होती. "इस्त्री राहिलीय" म्हणजे कापड कापून झालं आहे. आणि "फक्त काज-बटण राहिलंय" म्हणजे कापड अजून पिशवीतून बाहेर निघालेलं नाही. दोन्ही वाक्यांच्या शेवटी "गुरुवारी या" असायचं. अडतीस वर्षांत हजारो माणसं गुरुवारी येऊन गेली, पण मास्तरीणबाई इतक्या गोड बोलायच्या की पुढच्या गुरुवारी यायचं कबूल करूनच माणूस पायरी उतरायचा.

स्कूटर होती मास्तरांच्या साडूंची. मास्तरीणबाईंची थोरली बहीण आणि तिचे यजमान चाळीस किलोमीटरवर, डोंगरापलीकडे राहायचे. त्यांचा मुलगा परदेशात होता आणि आता ती दोघं कायमची त्याच्याकडे निघाली होती. पुढच्या महिन्याच्या तीस तारखेचं तिकीट होतं. घर रिकामं करता करता मागच्या शेडमध्ये प्लास्टिकखाली ही स्कूटर निघाली. साइडकारवाली, पिस्ता रंगाची, अकरा वर्षं न हललेली. साडूंनी फोन केला की न्यायची तर न्या, नाहीतर भंगारवाला नेईल. वर हेही म्हणाले, की तुमच्याच्यानं ती उभी राहायची नाही म्हणा, पण बघा.

साडूंनी शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. पण मास्तरांना स्कूटर हवी होती ती दुसऱ्याच कारणासाठी.

थोरली दर वर्षी चार दिवस इकडे येऊन राहायची. यंदा बांधाबांध सोडून तिला येणं शक्य नव्हतं. म्हणजे तीस तारखेच्या आत मास्तरीणबाईंनीच तिकडे जायला हवं होतं, नाहीतर बहिणींची भेट राहिलीच. दोघींची वयं बघता ती कायमची राहिली असती. आणि मास्तरीणबाईंना गाडी लागायची. बस असो, टॅक्सी असो, बंद गाडीत बसलं की त्यांच्या पोटात ढवळायचं, हे सगळ्या नात्यागोत्याला ठाऊक होतं. उघड्या वाऱ्यावर त्रास नव्हता, पण गुडघ्यांमुळे गावातल्या गावात कुणाच्या स्कूटरवर मागे बसणंही दोन वर्षांपूर्वीच बंद झालं होतं. साइडकार मात्र अशी होती, की दरवाजा उघडायचा आणि खुर्चीत बसावं तसं बसायचं. वारा मोकळा, गुडघे मोकळे.

"मी तुला त्या साइडकारमधून घेऊन जाणार," मास्तर म्हणाले. "आरामात. राणीसारखी."

"बरं," मास्तरीणबाई म्हणाल्या.

टेम्पोतून स्कूटर आली. शेजारच्या गॅरेजमधला मिस्त्री हात पुसत बघायला आला. त्यानं प्लग काढून घासला, टाकीतलं जुनं पेट्रोल ओतून नवं घातलं, कार्बोरेटर फुंकला आणि अकराव्या किकला स्कूटर सुरू झाली. धुरानं अख्खी गल्ली खोकली. मिस्त्रीनं दोन चकरा मारल्या, उतरला आणि म्हणाला, "मास्तर, टायर तेवढे बदला आणि उद्या जाऊन या. बाकी कशाला हात लावू नका. चालू गाडी उघडायची नसते."

मास्तरांनी टायर बदलले. आणि मग त्यांना दिसलं की साइडकारच्या दरवाजाची कडी लागत नाही. वळणावर दरवाजा उघडला तर बायको रस्त्यावर. कडी बसवायलाच हवी होती. मिस्त्रीसुद्धा याला नाही म्हणाला नसता.

कडी बसवायला दरवाजा काढला. दरवाजाच्या आतलं अस्तर कुजलेलं होतं. ते त्यांनी फाडलं, कारण कुजलेल्या अस्तरावर नवं अस्तर लावणारा शिंपी शिंपीच नव्हे. अस्तर नवं लावायचं तर सीट जुनी कशी चालेल. आणि टेलरच्या गाडीची सीट फाटकी म्हटल्यावर लोक काय म्हणतील. म्हणून सीट काढली. सीटखाली पत्र्याला गंज होता. पत्रा घासायला साइडकार आडवी करायला हवी होती, आणि ती स्कूटरला जोडलेली असताना आडवी होत नव्हती.

संध्याकाळी मिस्त्री डोकावला तेव्हा साइडकार एकीकडे होती आणि स्कूटर दुसरीकडे भिंतीला टेकून उभी होती.

"हे काय?" मिस्त्री म्हणाला.

"आता उसवलंच आहे तर नीट करू," मास्तर म्हणाले.

हे वाक्य टेलरच्या धंद्यात रोजचं आहे. कोटाची बाही अर्धा इंच कमी करायला आणतात, बाही उसवली की कळतं खांदा उतरलाय, खांदा उसवला की कळतं कॉलर ओढतेय. चांगला टेलर बाहीला आलेला कोट कॉलरपर्यंत उसवतो आणि नव्यासारखा करून देतो. मास्तर चांगले टेलर होते. शिवण उसवून माणूस कधी हरवत नाही, कारण तुकड्याला तुकडा सांगतो मी कुठला. लोखंडही सांगेल अशी मास्तरांची समजूत होती.

साइडकार घासून झाली आणि रंगाचा प्रश्न आला. मास्तर जुन्या पत्र्याचा कपटा घेऊन रंगाच्या दुकानात गेले. त्यांनी तिथं पाच डबे उघडायला लावले, प्रत्येक डब्यातला रंग बोटानं कपट्यावर लावून दारात उन्हाला धरून बघितला. दुकानदार म्हणाला की पिस्ता म्हणजे पिस्ता, त्यात काय बघायचं. मास्तर म्हणाले की दोऱ्याचा रंग अर्धी छटा चुकला तर अख्खी पँट वाया जाते. शेवटी मिळाला तो रंग साइडकारला छान दिसला. इतका छान दिसला की शेजारची स्कूटर आजारी दिसायला लागली. मग स्कूटरही रंगवणं आलं. स्कूटर रंगवायची तर इंजिन उतरवायला हवं, नाहीतर कोपरे राहतात. आणि इंजिन उतरवलंच आहे तर—

मिस्त्रीनं त्या दिवसापासून दुकानापुढून जाणं सोडलं. पलीकडच्या बाजूनं जायचा.

मास्तर बेशिस्त नव्हते. प्रत्येक भाग काढला की ते त्यावर खडूनं खूण करायचे, कापडावर करतात तशीच. उ.पु. म्हणजे उजवा पुढचा. डा.मा. म्हणजे डावा मागचा. फुली म्हणजे उलटी बाजू. तीन दिवसांत कापायच्या टेबलावर, इस्त्रीच्या फळीवर, जिन्याच्या पायऱ्यांवर दोनशे-सव्वादोनशे भाग मांडून झाले, आणि एकही भाग खुणेवाचून राहिला नव्हता. मिस्त्रीनंसुद्धा लांबून बघून मान डोलावली आणि सांगितलं, की आता एवढं केलंत तर सगळे पार्ट रॉकेलमध्ये धुऊन घ्या, ग्रीस निघेल.

रविवारी दोघांनी मिळून धुवायला घेतलं. मास्तर घमेल्यात बुडवून ब्रशनं घासायचे, मास्तरीणबाई फडक्यानं पुसून ओळीनं मांडायच्या. दुपारपर्यंत सगळे भाग चांदीसारखे लखलखीत झाले. मास्तर कमरेवर हात ठेवून उभे राहिले, समाधानानं एकेका भागाकडे बघू लागले आणि हळूहळू त्यांचा चेहरा उतरला.

एकाही भागावर खूण नव्हती.

मास्तरीणबाईंनी विचारलं, "कोटावरची खूण धुतल्यावर जावी, म्हणूनच हा खडू वापरता ना तुम्ही?"

"हो," मास्तर म्हणाले.

"मग खडू चांगला आहे."

यातून मास्तरांनी धडा घेतला आणि पुढचा घोळ त्या धड्यानंच केला. खडू पुसला जातो, तर चिठ्ठ्या लावायच्या. गिऱ्हाइकाच्या मापाच्या चिठ्ठ्या ते टाचणीनं कपड्याला लावायचेच. तशाच चिठ्ठ्या लिहून, जेवढं आठवतंय तेवढं आठवून, त्यांनी दोऱ्यानं प्रत्येक भागाला बांधायला सुरुवात केली. कपड्यांच्या चिठ्ठ्या आणि स्कूटरच्या चिठ्ठ्या एकाच टेबलावर, एकाच पेन्सिलीनं, एकाच अक्षरात.

मंगळवारी बँकेचे मॅनेजर त्यांची पँट घेऊन परत आले. सभ्य गृहस्थ होते. दुकानात दुसरं कुणी नाही असं बघून त्यांनी पँट काउंटरवर ठेवली आणि तिला टाचलेली चिठ्ठी मास्तरीणबाईंपुढे सरकवली. चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'मागचा ब्रेक. ढिला. आवाज येतो.'

"हे माझ्याबद्दल आहे का?" मॅनेजरांनी हळू आवाजात विचारलं.

मास्तरीणबाईंनी अडतीस वर्षांत कधी न अडखळलेली जीभ चावून धरली आणि मान खाली घातली. त्यांचे खांदे हलत होते. मॅनेजरांना वाटलं बाईंना रडू आलं, आणि ते उलट त्यांचीच समजूत घालून गेले.

मॅनेजरांची खरी चिठ्ठी मिस्त्रीला सापडली. त्याला न राहवून तो एकदा आत आला होता आणि इंजिनाचा सिलेंडर हातात घेऊन वाचत होता: 'लांबी बेचाळीस. पोट चव्वेचाळीस. पोटाचं सांगू नये.' त्यानं सिलेंडर खाली ठेवला, मास्तरांकडे बघितलं आणि निघून गेला.

एक गोष्ट मात्र पूर्ण झाली होती. साइडकारची सीट. मरून रेक्झिन, कडेनं पांढरी पायपिंग, दुहेरी टाका, पाठीला बरोबर मास्तरीणबाईंच्या कमरेच्या मापानं दिलेला उंचवटा. माप त्यांनी घेतलं नव्हतं, ते त्यांना पाठ होतं. गिऱ्हाइकं कोटाचं विसरून त्या सीटवरून हात फिरवायची. साइडकार चार विटांवर उभी होती आणि तिला चाक नव्हतं, हे सीटकडे बघताना लक्षातच यायचं नाही.

महिना उलटला. वीस तारीख झाली. थोरलीचा फोन यायचा, मास्तरीणबाई तिच्याशी बोलायच्या, आणि फोन ठेवल्यावर दुकानात येऊन त्या पसाऱ्याकडे बघत उभ्या राहायच्या. मास्तरांना त्यांचं न बोलणं पाठीला टोचायचं. बावीस तारखेला मास्तरीणबाईंनी शेवटी विचारलंच.

"कुठवर आलंय?"

मास्तर पिस्टनच्या रिंगा हातात घेऊन बसले होते. तीन रिंगा होत्या आणि खाचा दोन. त्यांनी मान वर न करता उत्तर दिलं. ते उत्तर त्यांनी ठरवून दिलं नाही, ते आपोआप तोंडातून आलं.

"झालंच. फक्त काज-बटण राहिलंय."

मास्तरीणबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. गेली अडतीस वर्षं पायरीवर उभं राहून लोक जसे त्यांच्याकडे बघायचे, अगदी तसंच.

"मग गुरुवारी येऊ का?" त्या म्हणाल्या, आणि वर निघून गेल्या.

त्या गुरुवारी काही झालं नाही. इतके गुरुवार दिले, त्यातल्या एकाही गुरुवारी काही झालं नव्हतं, मग हाच कसा वेगळा असणार. मास्तरांनी इंजिन जोडलं तेव्हा मूठभर स्क्रू उरले, म्हणून पुन्हा उघडलं. पुन्हा जोडलं तेव्हा मूठभर स्क्रू कमी पडले. अठ्ठावीस तारखेला, शनिवारी, ते जिना चढून वर गेले. मास्तरीणबाई कपाट आवरत होत्या.

"होणार नाही," मास्तर म्हणाले.

मास्तरीणबाईंनी घडी घालता घालता हात थांबवला. "परत म्हणा."

"स्कूटर होणार नाही. मी तुला उगाच झुलवत ठेवलं. त्या दिवशी मिस्त्री म्हणाला तसं गेलो असतो तर तू एव्हाना भेटून आली असतीस. मी कडी बसवायला गेलो."

"अडतीस वर्षांत तुम्ही हे कुणाला म्हणाला नव्हतात," मास्तरीणबाई म्हणाल्या. "एकाही गिऱ्हाइकाला नाही. जमलं की." मग घडी पूर्ण करून त्यांनी ती कपाटात ठेवली. "उद्या सकाळची टॅक्सी सांगा."

"अगं, तुला गाडी लागेल. सगळा डोंगर वळणांचा आहे."

"लागू दे. बहीण जातेय माझी."

मास्तरांना गलबलून आलं. आपल्यापायी बायको हे हाल सोसणार. त्यांनी रात्री न सांगता तयारी केली. सहा प्लास्टिकच्या पिशव्या, चार लिंबं, ओला टॉवेल, कोरडा टॉवेल, पाण्याच्या दोन बाटल्या. सकाळी टॅक्सीवाल्यानं ती सगळी सामग्री बघितली आणि मागच्या सीटवर वर्तमानपत्रं अंथरली.

मास्तर पुढे बसले, मास्तरीणबाई मागे खिडकीशी. गाव सुटलं, चढ सुरू झाला. पहिल्या वळणाला मास्तर सीटवर उलटे फिरून बायकोचा चेहरा बघायला लागले. चेहरा ठीक होता. दुसऱ्या वळणाला त्यांनी पिशवी उघडून पुढे धरली. मास्तरीणबाई म्हणाल्या की नको. तिसऱ्या वळणाला लिंबू दिलं. त्यांनी ते घेऊन शेजारी ठेवलं आणि पर्समधून बिस्किटांचा पुडा काढला. पाचव्या वळणाला त्यांनी टॅक्सीवाल्याला बिस्कीट दिलं आणि खाली दरीत दिसणारं तळं नवीन आहे का ते विचारलं. मास्तर मात्र मान मागे वळवून तसेच बसले होते. नजर चेहऱ्यावर, हातात पिशवी, की आत्ता होईल, आत्ता होईल.

नवव्या वळणाला झालं. मास्तरांना झालं.

सहापैकी चार पिशव्या लागल्या. टॅक्सी दोनदा थांबवावी लागली. दुसऱ्या वेळी मास्तर रस्त्याकडेच्या दगडावर टॉवेल डोक्याला लावून बसले होते आणि मास्तरीणबाई त्यांच्या नाकाशी लिंबू धरून उभ्या होत्या.

"पुढे बघत बसा," त्या म्हणाल्या. "मागे वळून बसलं की कुणालाही लागते."

मास्तरांनी डोळे उघडले. "तुला नाही लागली."

"नाही."

"एकदाही नाही. बिस्किटं खात होतीस."

मास्तरीणबाईंनी दरीकडे बघितलं. वाऱ्यानं त्यांचे पांढरे केस तोंडावर येत होते, ते त्यांनी मागे सारले. "लग्नानंतर पहिल्या वर्षी लागली होती," त्या म्हणाल्या. "वन्संच्या गावाला जाताना. खरी लागली होती. तुम्ही म्हणालात, इतका त्रास होतो तर परत नको जायला. मग मी म्हटलं, बरं."

"अगं, पण अडतीस वर्षं?"

"त्याआधी वन्संकडे गेलं की त्या मला समोर बसवून विचारायच्या, माझा भाऊ एवढा वाळला कसा. जेवायला काय घालतेस. दर वेळी. तुमचं वजन तेव्हा ऐंशी किलो होतं."

तोंड उघडण्यात अजून धोका होता. तरी मास्तरांनी विचारलं, "मग स्कूटर का करू दिलीस मला? पहिल्याच दिवशी टॅक्सी केली असती."

"मला ठाऊक होतं शेवटी टॅक्सीच करावी लागणार. मी तारीख धरून बसले होते. पण तुम्ही रोज शीळ वाजवत जिना उतरायचात. बऱ्याच वर्षांनी ऐकली. म्हटलं, चालू दे चार दिवस." मग त्यांनी लिंबू त्यांच्या हातात दिलं. "उठा आता. ती वाट बघत असेल."

थोरलीच्या घरात खुर्च्यासुद्धा उरल्या नव्हत्या. दोघी बहिणी गुंडाळलेल्या गादीवर शेजारी शेजारी बसल्या त्या दुपार कलेपर्यंत उठल्याच नाहीत. फारसं काही बोलत नव्हत्या. मध्येच एकजण अर्धं वाक्य म्हणायची आणि दोघी हसत सुटायच्या. साडूंनी मास्तरांना स्कूटरबद्दल विचारलं. मास्तर म्हणाले की सीट झालीय. साडू म्हणाले की सीट बरी होती तिची, इंजिनाचं काय. मास्तर म्हणाले की पोटात अजून जरा ढवळतंय, मग बोलू.

निघताना दोघींपैकी कुणी रडलं नाही. टॅक्सी पहिल्या वळणाला गेली, घर दिसेनासं झालं, तेव्हा मास्तरीणबाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मास्तर या वेळी मागेच बसले होते. त्यांनी कोरडा टॉवेल पुढे केला. घाट उतरेपर्यंत त्या तो तोंडाला लावून बसल्या, आणि मास्तर समोर बघत बसले, सांगितल्याप्रमाणे.

आठवड्याभरानं मास्तरांच्या ताईचा फोन आला. बातमी पोचली होती. आता तुझी बायको टॅक्सीत बसते म्हणे, मग माझ्याकडे यायला काय झालं, असं तिचं म्हणणं होतं. मास्तरीणबाईंनी फोन मास्तरांच्या हातात दिला आणि तिथंच उभ्या राहिल्या. आता आपलं कसं होणार ते त्यांना दिसत होतं. नवऱ्यानं एक वाक्य खरं बोलायचा अवकाश होता.

मास्तरांनी घसा साफ केला. "ताई, टॅक्सीचं नाव काढू नकोस," ते म्हणाले. "चार पिशव्या लागल्या. दोनदा गाडी थांबवली. विचार हवं तर टॅक्सीवाल्याला."

यात खोटं एक अक्षर नव्हतं.

"नाही, नाही, यायचं तर आहेच," मास्तर पुढे म्हणाले. "स्कूटर झाली की येतो. साइडकारमधून. उघड्यावर हिला काही होत नाही."

फोन ठेवल्यावर मास्तरीणबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग चहा ठेवायला वर गेल्या. मास्तरांनीही त्यांना बाकीचं सांगितलं नाही. पूर्वी ताईकडे गेलं की ती पहिल्या दिवशीच कपड्यांचं गाठोडं समोर टाकायची, एवढं जरा उसव, तेवढं जरा आवळ, तू काय घरचाच टेलर. वाकड्या सुईच्या मशीनवर बसून त्यांचे चारही दिवस जायचे. बायकोला गाडी लागते हे त्यांनी अडतीस वर्षं किती दुःखी चेहऱ्यानं लोकांना सांगितलं होतं आणि मनातून किती सुखानं, ते त्यांचं त्यांना माहीत.

स्कूटर तशीच राहिली. भाग पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरून इस्त्रीच्या फळीखाली गेले. साइडकार विटांवरच होती. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मास्तरीणबाई तिच्यात बसून शर्टांना बटणं लावायच्या. मास्तर मशीन चालवायचे. कधी शीळ वाजवायचे. ज्यानं त्यानं विचारावं, स्कूटर कधी होणार, आणि दोघांपैकी कुणीतरी गुरुवार सांगावा, असं छान चाललं होतं.

मग मिस्त्री आला. गॅरेजमध्ये काम मंदावलं होतं आणि त्याचं मन त्याला खात होतं. त्याच्या हातानं सुरू झालेली गाडी अशी खोक्यांत पडलेली त्याला बघवत नव्हती. तो हत्यारांची पेटी घेऊनच आला. "मास्तर, दोन दिवस द्या," तो म्हणाला. "मी उभी करून देतो. वहिनींना तुमच्या ताईंकडे नेऊन आणा."

मास्तर म्हणाले की एवढी घाई नाही. मास्तरीणबाई म्हणाल्या की तुमच्या कामाचा खोळंबा होईल. मिस्त्रीला वाटलं दोघं संकोच करताहेत. त्यानं बाहेर ताडपत्री अंथरली आणि खोकी उपडी केली. चिठ्ठ्या त्यानं सगळ्यात आधी तोडून फेकल्या. त्याला चिठ्ठी लागत नव्हती, पार्ट हातात घेतला की तो सांगायचा कुठला आहे ते. पहिल्या दिवशी संध्याकाळी इंजिन सांगाड्यात बसलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो जेवायला गेला तेव्हा स्कूटर स्कूटरसारखी दिसत होती, साइडकारला चाक लागलं होतं आणि ताडपत्रीवर फक्त एक ताटलीभर बारीक सामान उरलं होतं. मास्तर आणि मास्तरीणबाई दोघंही दाराशी येऊन बघून गेली. एकत्र नाही, पाठोपाठ.

संध्याकाळी मिस्त्री हात पुसत दुकानात आला. त्याचा चेहरा पडला होता.

"मास्तर, काय सांगू," तो म्हणाला. "सगळं बसलं. आता किक मारायची तेवढी बाकी होती. पण दोन पार्ट मिळत नाहीत. सकाळी मी स्वतः मोजून ठेवले होते. ताडपत्री झटकली, गटार बघितलं. या गाडीचे पार्ट आता बाजारात कुठंच मिळत नाहीत."

"दोन?" मास्तरांनी विचारलं.

"दोन."

मास्तरांनी काउंटरकडे बघितलं. मास्तरीणबाई मान खाली घालून एका शर्टाला बटण लावत होत्या. खाली मान घालून लावण्याइतकं ते बटण काही अवघड नव्हतं.

मास्तरांनी तर एकच लपवला होता.